अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलचं पर्सनल स्टेटमेंट: ५३०० कॅरेक्टरमध्ये काय मावतं, काय मावत नाही

भारतात मेडिकलला जायचं म्हणजे नीटचे मार्क आणि कॅपचे राउंड. तुला डॉक्टर का व्हायचंय, हे त्या सगळ्या खटाटोपात कुणी विचारत नाही. अमेरिकेत हा प्रश्न लेखी विचारतात आणि सगळ्या कॉलेजांना त्याचं एकच उत्तर जातं. ते उत्तर म्हणजे पर्सनल स्टेटमेंट, पुढे नुसतं ‘पत्र’. इथल्या मराठी घरांत त्यावरून दर वसंतात गोंधळ उडतो. आईबाबा त्याला बायोडेटा समजतात, मुलं कॉलेजच्या निबंधासारखं सजवायला बसतात, आणि मे महिना उजाडला तरी हातात धड मसुदा नसतो.

हा लेख पदवीनंतर एम.डी.साठी (अमेरिकेत ही डॉक्टरकीची पहिली पदवी, आपल्या एम.बी.बी.एस.सारखी) अर्ज करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. हे अर्ज ॲमकासमधून जातात. ए.ए.एम.सी. ही अमेरिकी मेडिकल कॉलेजांची संघटना ही सामायिक सेवा चालवते. भारतात एम.बी.बी.एस. करून रेसिडेन्सीसाठी, म्हणजे स्पेशालिटीच्या प्रशिक्षणासाठी, येणाऱ्यांचं पत्र निराळं असतं. ते इरास या रेसिडेन्सीच्या सामायिक अर्जसेवेतून जातं, साधारण एका पानाचं असतं आणि त्यात ठरावीक स्पेशालिटीच का, हे सांगायचं असतं. त्यांना इथली चौथी आणि पाचवी पायरी कामाला येईल, बाकी सोडून द्यावं.

१. मर्यादा आधी पाहून घ्या

ॲमकासचा प्रश्न एका ओळीचा आहे: तुम्हाला मेडिकल स्कूलला का जायचं आहे, ते सांगा. जागा ५३०० कॅरेक्टर, त्यात स्पेस, विरामचिन्हं आणि परिच्छेदांमधल्या मोकळ्या ओळीही मोजल्या जातात. इंग्रजीत हे साधारण ८०० ते ८५० शब्द होतात.

डी.ओ. ही डॉक्टर होण्याची दुसरी पदवी देणाऱ्या ऑस्टिओपॅथिक कॉलेजांचे अर्ज ॲकोमासमधून जातात, तिथेही ५३०० कॅरेक्टरच. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांसाठी टी.एम.डी.सॅस ही वेगळी सेवा आहे. तिची मर्यादा ५००० आहे आणि प्रश्नातच सांगितलंय की डॉक्टर होण्याची प्रेरणा आणि तुमच्या अनुभवांनी झालेली तयारी, दोन्ही लिहा. एम.डी.-पीएच.डी. करायची असेल तर ॲमकासमध्ये आणखी दोन निबंध येतात: दोन्ही पदव्या का, यावर ३००० कॅरेक्टर आणि केलेल्या संशोधनावर १०,००० कॅरेक्टर.

तिन्ही सेवांसाठी एकच मजकूर वापरता येतो, पण डोळे मिटून चिकटवू नका. ॲकोमासला गेलेल्या पत्रात ‘एम.डी. होण्याचं माझं ध्येय’ असं राहून जाणं ही दर वर्षी घडणारी चूक आहे. आणि ५३००चा मजकूर ५०००मध्ये बसवताना शेवटचा परिच्छेद छाटला तर पत्र लंगडं होतं. छाटायचं तर मधला एखादा अनुभव आटोपशीर करा.

२. वेळापत्रक उलटं मोजा

ॲमकासचा अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो, मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला सबमिट करता येतो आणि पडताळणी झालेले पहिले अर्ज जूनच्या शेवटी कॉलेजांकडे जातात. पडताळणी म्हणजे तुम्ही भरलेले मार्क ट्रान्सक्रिप्टशी, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रिकेशी, ताडून बघणं. गर्दीच्या दिवसांत त्याला सहा आठवडेही लागतात. बहुतेक कॉलेजं आलेले अर्ज येतील तसे वाचत जातात, म्हणजे शेवटच्या तारखेची वाट पाहणाऱ्याला इंटरव्ह्यूच्या उरलेल्या जागांसाठी भांडावं लागतं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज गेला तर उत्तम.

तिथून मागे या. जानेवारी-फेब्रुवारीत कच्चा माल गोळा करायचा, मार्चमध्ये पहिला मसुदा, एप्रिलमध्ये दोन-तीनदा पुनर्लेखन, मेच्या मध्यावर हात आवरायचा. एमकॅट ही मेडिकल प्रवेशाची परीक्षा एप्रिल-मेमध्ये देणार असाल तर पहिला मसुदा फेब्रुवारीतच उरका. अभ्यासाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत लेखन होत नाही, कुणाचंच.

३. बसण्याआधी हाताशी काय हवं

- शॅडोइंग (डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघणं), व्हॉलंटियरिंग, संशोधन, नोकरी यांची नोंद: ठिकाण, कालावधी, तास, वरिष्ठांचं नाव आणि संपर्क
- त्या काळातली टिपणं, जर्नल, मित्रमैत्रिणींना पाठवलेले लांबलचक मेसेजसुद्धा
- ट्रान्सक्रिप्ट
- ‘वर्क अँड ॲक्टिव्हिटीज’ विभागाचा कच्चा आराखडा
- नोटपॅडसारखा साधा टेक्स्ट एडिटर

यातला चौथा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. ॲमकासच्या त्या विभागात जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात, प्रत्येकीला ७०० कॅरेक्टर. त्यातल्या तीन ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडल्या की त्या प्रत्येकीला आणखी १३२५ कॅरेक्टर मिळतात. म्हणजे तुम्ही काय काय केलंत हे सांगायला तिथे भरपूर जागा आहे. एवढं ध्यानात घेतलं की पर्सनल स्टेटमेंटवरचं अर्धं ओझं उतरतं. ढोल-ताशा पथकात सहा वर्षं वाजवलं, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवलं, लॅबमध्ये जेल चालवले, हे सगळं तिकडे जातं. पथक म्हणजे काय हे अमेरिकी वाचकाला माहीत नसतं, तेव्हा अर्ध्या ओळीत सांगा आणि लगेच तुमच्या कामावर या: किती जणांना शिकवलं, सरावाचं वेळापत्रक कुणी सांभाळलं.

तासांचे आकडे दोन्हीकडे जुळले पाहिजेत. पत्रात ‘दोन वर्षं’ आणि नोंदीत चौदा महिने, असं दिसलं की वाचणाऱ्याच्या मनात पुढच्या प्रत्येक ओळीबद्दल शंका येते.

४. प्रसंग वेचा, विषय ठरवू नका

‘करुणा’, ‘नेतृत्व’, ‘चिकाटी’ असे विषय ठरवून त्यांना साजेसे प्रसंग शोधायला बसलात की पत्र भाषणासारखं वाजू लागतं. उलट्या बाजूने या. कोऱ्या कागदावर दवाखान्यात, ॲम्ब्युलन्समध्ये, हॉस्पिसमध्ये (आयुष्याच्या अखेरीला पोचलेल्या रुग्णांची काळजी घेतात तिथे), लॅबमध्ये डोक्यात राहिलेले पंधरा-वीस प्रसंग एकेका ओळीत लिहा. मोठे, थरारक प्रसंगच हवेत असं नाही. हॉस्पिसमधल्या बाईंना दर मंगळवारी पेपर वाचून दाखवणं हाही प्रसंग आहे. मग प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा:

- नेमकं काय घडलं
- त्यात मी काय केलं
- डॉक्टरांनी काय केलं किंवा ठरवलं
- त्यानंतर मी काय वेगळं करायला लागले किंवा लागलो

चौथा रकाना रिकामा राहिला तर तो प्रसंग बाद. तिसरा रिकामा राहिला तर तो नोंदींत जाऊ दे. चारही भरलेले चार-पाच प्रसंग उरतात, त्यातले दोन किंवा तीन घ्या. चौथा घालायचा मोह सुटत नसेल तर हिशेब करा: ५३०० भागिले चार म्हणजे एकेकाच्या वाट्याला दीड-दोन परिच्छेद, त्यात सुरुवात आणि शेवटही. कुठलाच प्रसंग उलगडत नाही, सगळे नुसते उल्लेख होतात.

निवडलेल्या प्रसंगांत किमान एक रुग्णाशी प्रत्यक्ष संबंध आलेला असावा आणि तो शक्यतो गेल्या तीन-चार वर्षांतला असावा. बारावीतली आठवण कितीही हृद्य असली तरी बावीस-तेविसाव्या वर्षाच्या निर्णयाला ती पुरत नाही.

५. मसुदा लिहा आणि प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ विचारा

जागेची ढोबळ वाटणी अशी: सुरुवात ६०० ते ७०० कॅरेक्टर, तीन अनुभव प्रत्येकी १२०० ते १३००, शेवट ५०० ते ६००. पहिला मसुदा ७००० झाला तरी हरकत नाही. लांब लिहून कापणं सोपं, आखूड लिहून फुगवलेलं मात्र लगेच दिसतं.

मग लाल पेन घेऊन प्रत्येक वाक्यापुढे ‘कशावरून?’ लिहा. उत्तर त्याच परिच्छेदात सापडलं पाहिजे. खालचे नमुने मराठीत आणि काल्पनिक आहेत, उचलून भाषांतर करण्यासाठी नाहीत.

कच्चा मसुदा: ‘क्लिनिकमध्ये काम करताना मला रुग्णांशी संवाद साधण्याचं महत्त्व कळलं. डॉक्टरांची सहानुभूती पाहून मी भारावून गेले. मलाही असाच लोकांच्या आयुष्यात बदल घडवायचा आहे.’

तीन वाक्यं, तीन दावे, पुरावा शून्य. हे वाक्य कुठल्याही अर्जदाराच्या नावावर खपेल. कोणता रुग्ण? डॉक्टर नेमकं काय करत होते? तुम्ही कुठे बसला होतात?

सुधारलेला मसुदा: ‘सत्तरीतले एक गृहस्थ महिन्याभरात तिसऱ्यांदा चक्कर आली म्हणून आले होते. औषधं वेळेवर घेता ना, या प्रश्नाला ते हो म्हणाले आणि डॉक्टरांच्या नोंदी टाइप करणारी स्क्राइब म्हणून मी “नियमित घेतात” असं टाइप केलं. डॉक्टरांनी त्यांना औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली. दोन फार्मसींच्या दोन बाटल्या निघाल्या, एकीवर लोप्रेसर, दुसरीवर मेटोप्रोलॉल. औषध एकच, डोस दुप्पट, नाडी ४६. मी टाइप केलेलं वाक्य खरं होतं आणि निरुपयोगी होतं. पुढच्या आठवड्यात मी ऑफिस मॅनेजरना सुचवलं की अपॉइंटमेंटची आठवण करून देणाऱ्या फोनमध्ये “सगळ्या बाटल्या सोबत आणा” हे वाक्य घालू या.’

इथे ‘सहानुभूती’ हा शब्द नाही, तरी डॉक्टरांनी रुग्णाच्या ‘हो’वर न थांबण्यात ती दिसते. अर्जदार कुठे होती, तिचं काम काय होतं, नंतर तिने काय बदललं, सगळं सापडतं. वय मोघम आहे, नाव नाही, गाव नाही. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील पत्रात येता कामा नये. दुर्मीळ आजार, तारीख आणि छोट्या गावाचं नाव एकत्र आलं तर नाव न लिहिताही ओळख पटते, म्हणून त्यातलं काहीतरी गाळा.

सुरुवातीबद्दल थोडं. मॉनिटरची बीप-बीप, रक्ताने माखलेलं स्ट्रेचर, धावणाऱ्या नर्सेस यांनी सुरू होणारी पत्रं वाचणाऱ्यांनी ढिगाने वाचलेली असतात. थोर माणसाचं वचन तर नकोच, ५३०० कॅरेक्टरमधले दीडशे दुसऱ्याच्या शब्दांवर का घालवायचे? वरच्या नमुन्यातलं पहिलं वाक्य साधं आहे आणि काम करतं. सुरुवात सगळ्यात शेवटी लिहिलीत तरी चालेल.

६. ‘डॉक्टरच का?’ याचं उत्तर द्या

बहुतेक बरी पत्रं इथे घसरतात. वरचाच नमुना घ्या. दोन बाटल्यांचा घोळ एखाद्या फार्मासिस्टनेही पकडला असता. नर्सने पकडला असता. मग अर्जदाराने फार्मसीला का जाऊ नये? लोकांना मदत करायची आहे, विज्ञान आवडतं, माणसांत राहायला आवडतं, हे सगळं नर्सिंगला, फिजिशियन असिस्टंटला, फिजिओथेरपीला आणि सोशल वर्कलाही लागू पडतं.

उत्तर प्रसंगातच शोधावं लागतं. त्या दिवशी बाटली सापडल्यानंतर डॉक्टरांनी काय केलं? ई.सी.जी. काढायला सांगितला, कारण मंद नाडीमागे औषधाशिवाय हृदयाचं दुसरं कारणही असू शकतं. औषध एकदम बंद करायचं की एकच बाटली चालू ठेवायची, हे ठरवलं. रक्तदाब पुन्हा कधी बघायचा ते ठरवलं. अपुऱ्या माहितीवर निदान बांधणं, उपचार ठरवणं आणि चुकलं तर त्याची जबाबदारी आपल्यावर घेणं, हे काम तुम्ही जवळून पाहिलंत आणि ते तुम्हाला हवंय, असं दाखवता आलं की ‘डॉक्टरच का’ला उत्तर मिळालं. ते एका घोषणेच्या वाक्यात कोंबू नका, दुसऱ्या किंवा तिसऱ्या अनुभवाच्या ओघात येऊ द्या.

हे करताना बाकीच्या व्यवसायांना खाली ढकलू नका. ‘नर्सला फक्त आदेश पाळावे लागतात’ या अर्थाची एक ओळ आख्खं पत्र बुडवू शकते. प्रवेश समित्यांवर वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसं असतात, शिवाय ते वाक्य चुकीचंही आहे.

७. मराठी घरांतून येणारे खास सापळे

भारतातली सुट्टी. याबद्दल जरा सविस्तर, कारण इथे चांगली मुलं नकळत अडकतात. उन्हाळ्यात पुण्याला किंवा कोल्हापूरला जायचं, काकांच्या किंवा ओळखीच्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलात पंधरा दिवस बसायचं, आणि तिथे कुणीतरी कौतुकाने म्हणतं, ‘ये, तू टाका घाल.’ अर्जात हे मोठ्या अभिमानाने लिहिलं जातं. अमेरिकेतला वाचक त्यात एवढंच पाहतो की प्रशिक्षण नसलेल्या विद्यार्थ्याने रुग्णावर हात चालवला, आणि तोही अशा रुग्णावर ज्याला नाही म्हणणं अवघड होतं. परदेशातल्या अशा अनुभवांबद्दल ए.ए.एम.सी.ने विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आहेत. त्यांचा रोख असा की इथे जे करायची मुभा नाही ते तिथेही करू नका. इंजेक्शन दिलं, टाके घातले, बाळंतपणात हात लावला, असं काही खरंच झालं असेल तर ते पराक्रम म्हणून पत्रात घालू नका. संधी आली आणि ‘मला याचं शिक्षण नाही’ म्हणून तुम्ही मागे सरलात, तर ते मात्र लिहिण्याजोगं आहे.

मग भारतातलं लिहायचंच नाही का? लिहा, पण जे डोळ्यांनी पाहिलं ते. खिशात पैसे नसलेल्या रुग्णाला पाचपैकी कोणती एक तपासणी आधी करायला सांगायची, हे डॉक्टर कसं ठरवतात? उसाच्या हंगामात तोडीला गेलेल्या माणसाचा टी.बी.चा कोर्स मध्येच का तुटतो? असे प्रश्न पंधरा दिवसांतही दिसू शकतात. ‘गरीब पण समाधानी लोक’ छापाची वाक्यं काढून टाका. आणि भारतातले पंधरा दिवस अमेरिकेतल्या प्रत्यक्ष अनुभवाची जागा घेत नाहीत. पत्राचा मुख्य खांब इथलाच हवा, कारण तुम्हाला जी व्यवस्था निवडायची आहे ती तुम्ही पाहिली आहे का, हे समितीला तपासायचं असतं.

आजी-आजोबांचं आजारपण. खरं दुःख असतं आणि पत्रात येणं स्वाभाविक आहे. अडचण अशी की परिच्छेदाचा नायक आजोबा होतात आणि अर्जदार हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभाच राहतो. तीन-चार वाक्यांत संपवा आणि त्यानंतर तुम्ही काय करायला लागलात तिकडे वळा. आजोबा गेल्यावर हॉस्पिसमध्ये व्हॉलंटियर झालात, तर पत्राचं वजन हॉस्पिसवर हवं.

आईबाबा डॉक्टर असणं. लपवायचं कारण नाही, पण ‘डॉक्टरांच्या घरात वाढले’ हे कारण म्हणून पुरत नाही. घराबाहेर, ओळखीच्या नसलेल्या डॉक्टरांसोबत तुम्ही हा व्यवसाय तपासून पाहिलात, हे दिसू द्या.

दुभाष्याचं काम. मराठी-हिंदी येणारा व्हॉलंटियर वॉर्डात दिसला की कुणीतरी पटकन बोलावतं. पाणी हवंय का, घरच्यांना फोन लावू का, इथपर्यंत ठीक. निदान सांगणं, ऑपरेशनची संमती घेणं यासाठी हॉस्पिटलांनी प्रशिक्षित दुभाषाच वापरायचा असतो. तुम्ही अशा जागी अडकला असाल तर काय केलंत? फोनवरचा दुभाषा मागवायला सांगितलं? तसं असेल तर तो चांगला प्रसंग आहे. ‘मी डॉक्टर आणि आजींमधला पूल झालो’ असं लिहिलंत तर जाणत्या वाचकाच्या कपाळावर आठी पडेल.

संकोच. आपल्याकडे स्वतःबद्दल बोलणं शोभत नाही असं शिकवलेलं असतं, म्हणून पत्रभर ‘संधी मिळाली’, ‘आम्ही केलं’, ‘सहभागी होता आलं’. अर्ज तुमचा आहे. जे काम तुम्ही केलंत तिथे ‘मी’ लिहा, जे टीमने केलं तिथे टीम. एवढा काटेकोरपणा ठेवला की ते बढाईसारखं वाटत नाही.

८. कमी मार्क, खंड, दुसऱ्यांदा अर्ज

एखाद्या सत्राचे मार्क कोसळले असतील तर पर्सनल स्टेटमेंटमध्ये जास्तीत जास्त दोन-तीन वाक्यं: काय झालं, काय बदललं, नंतरचे मार्क काय सांगतात. कारणं उगाळत बसू नका. बऱ्याच कॉलेजांच्या सेकंडरी अर्जात, म्हणजे ॲमकासनंतर प्रत्येक कॉलेज स्वतः पाठवतं त्या दुसऱ्या अर्जात, यासाठी वेगळी जागा असते. परिस्थितीने वाट्याला आलेल्या अडचणींसाठी, म्हणजे आर्थिक ओढाताण किंवा घरची जबाबदारी यांसाठी, ॲमकासमध्येच ‘अदर इम्पॅक्टफुल एक्सपीरियन्सेस’ नावाचा १३२५ कॅरेक्टरचा ऐच्छिक रकाना आहे. सगळ्यांनी तो भरायची गरज नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे प्राध्यापक कडक होते, ही त्यात बसणारी अडचण नव्हे.

दुसऱ्यांदा अर्ज करत असाल तर जुनं पत्र चार शब्द बदलून पाठवू नका. तुमची आधीची फाइल कॉलेजकडे असू शकते. मधल्या वर्षात काय भर पडली, ती नव्या पत्रात ठळकपणे आली पाहिजे.

९. कुणाला वाचायला द्यायचं

तीन किंवा चार माणसं पुरे. एक प्रवेशप्रक्रिया जाणणारी व्यक्ती, म्हणजे प्रीमेड ॲडव्हायझर किंवा मेडिकल स्कूलमधला विद्यार्थी. एक चांगलं इंग्रजी जाणणारी, पण वैद्यकाशी संबंध नसलेली. एक तुम्हाला नीट ओळखणारी. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हे वाचून मी कसा माणूस वाटतो आणि कुठे विश्वास बसला नाही? दहा जणांना दिलंत तर दहा सूचना येतील, सगळ्या पाळल्यात तर पत्राला तुमचा आवाज उरणार नाही.

आईबाबांनी वाचावं, तथ्य तपासावं. लिहू नये. पन्नाशीतल्या माणसाची वाक्यरचना बावीस वर्षांच्या पत्रात लगेच ओळखू येते.

ए.आय.बद्दल ॲमकासची भूमिका स्पष्ट आहे. कल्पना सुचवणं, मुद्रितशोधन, संपादन यांसाठी साधन वापरता येतं, पण अंतिम पत्र तुमचंच काम आणि तुमचेच अनुभव असल्याचं तुम्ही अर्जात प्रमाणित करता. नियम बाजूला ठेवला तरी व्यवहाराची अडचण राहतेच: अशा साधनाला तुमच्या क्लिनिकमधल्या दोन बाटल्या माहीत नसतात. ते गुळगुळीत मजकूर देतं आणि त्यातलं प्रत्येक वाक्य ‘कशावरून?’ला नापास होतं.

शेवटचा मसुदा मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. जिथे तुम्हालाच ओशाळल्यासारखं होतं, ते वाक्य काढा.

१०. अर्जात चिकटवताना

इथे केवळ निष्काळजीपणाने नुकसान होतं. वर्डमधून थेट कॉपी केल्यास कधी कधी अवतरणचिन्हं आणि लांब डॅश विचित्र चिन्हांत बदलतात. आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टाका, सरळ अवतरणचिन्हं वापरा, मग ॲमकासमध्ये चिकटवा. ठळक, तिरपी अक्षरं, बुलेट राहत नाहीत. परिच्छेदांमध्ये एक मोकळी ओळ ठेवा, नाहीतर सगळा मजकूर एका गठ्ठ्यात दिसतो. ॲमकासमध्ये स्पेलिंग तपासायची सोय नाही, ते बाहेरच करून घ्या. मजकुरात कॉलेजचं नाव नको, पत्र सगळ्यांना जातं. एखादं कॉलेज का आवडतं, हे सेकंडरीत लिहायचं.

सबमिट करण्याआधी अर्जाची प्रिंट काढून कागदावर वाचा. सबमिट झाल्यावर पत्रातला एक स्वल्पविरामही बदलता येत नाही. संपर्काचा पत्ता, नवी कॉलेजं, शिफारसपत्रं अशा मोजक्याच गोष्टींत नंतर बदल करता येतो.

ती प्रिंट आणि चौथ्या पायरीतला चार रकान्यांचा कागद फेकू नका. जुलैपासून सेकंडरी यायला लागतात, साधारण दोन आठवड्यांत उत्तर पाठवावं अशी अपेक्षा असते, आणि मुख्य पत्रात न बसलेले प्रसंग तिथे कामी येतात. इंटरव्ह्यूमध्ये समोरच्या माणसाच्या हातात बहुधा तुमचं हेच पत्र असतं. ‘नाडी ४६ असताना डॉक्टरांनी ते औषध पूर्ण बंद का नाही केलं?’ असं कुणी विचारलं तर उत्तर तयार हवं, तेव्हा पत्रात आलेल्या प्रत्येक औषधाबद्दल आणि आजाराबद्दल आधीच वाचून ठेवा.